काय बदलतं, काय कायम राहतं?
समचलन आणि व्यस्तचलनाची ओळख

(आमच्या रेडिओ केंद्रावरून बचत गटांच्या मैत्रिणींसाठी सादर झालेलं भाषण)

आज आपण गणिताविषयी बोलणार आहोत. गणित म्हटलं की आपल्यातल्या पुष्कळजणी म्हणतात, "ते पोरांचं काम, आम्हाला काय त्यातलं कळतंय?" पण दळणाचे पैसे, खुरपणीची मजुरी, टेम्पोचं भाडं, गटाच्या कर्जाचा हप्ता हे सगळं कोण सांभाळतं? आपणच सांभाळतो. म्हणजे गणित आपल्या घरात आहेच, फक्त त्याचं पुस्तकातलं नाव आपल्याला माहीत नाही.

आठवीच्या गणिताच्या पुस्तकात 'चलन' नावाचा एक धडा आहे. हे चलन म्हणजे नोटा आणि नाणी नव्हेत. इथे चलन म्हणजे बदल. एक गोष्ट बदलली की तिच्यासोबत दुसरी कशी बदलते, ते हा धडा शिकवतो. त्याचे दोन प्रकार आहेत, समचलन आणि व्यस्तचलन. आज ते दोन्ही समजून घेऊ या. जवळ पाटी असेल तर घ्या, वही असेल तर वही घ्या. काहीच नसेल तर अंगणात काडीनं लिहिलं तरी चालेल.

दोन हिशेब, दोन वाटा

पहिला हिशेब. गिरणीत ५ किलो ज्वारी दळायला ३० रुपये पडले. मग १५ किलोला किती पडतील?

दुसरा हिशेब. ८ बायकांनी एक रान ३ दिवसांत खुरपून काढलं. तेवढंच रान १२ बायका किती दिवसांत खुरपतील?

पहिल्याचं उत्तर तुम्ही मनातल्या मनात काढलंही असेल. ज्वारी तिप्पट, म्हणून पैसेही तिप्पट, ९० रुपये. आता हीच रीत दुसऱ्या हिशेबाला लावून बघा. बायका दीडपट झाल्या, म्हणून दिवसही दीडपट, साडेचार दिवस. पटतंय का? हात वाढले आणि काम लांबलं, असं कसं होईल? आकडेमोड बिनचूक आहे, पण उत्तर खोटं आहे, कारण वाट चुकली. खरं उत्तर आहे २ दिवस. ते कसं आलं, ते आता सावकाश बघू.

भागाकार कायम राहिला की समचलन

गिरणीचा हिशेब पाटीवर मांडू. डाव्या बाजूला किलो लिहा, उजव्या बाजूला रुपये.

१ किलो – ६ रुपये
५ किलो – ३० रुपये
१० किलो – ६० रुपये
१५ किलो – ९० रुपये

आता प्रत्येक ओळीत रुपयांना किलोनं भागा. तीसला पाचनं भागलं, सहा आले. साठला दहानं भागलं, सहाच आले. नव्वदला पंधरानं भागलं, तरी सहाच. दोन्हीकडचे आकडे बदलत गेले, पण हा सहा जागचा हलला नाही. याला पुस्तकात चलनाचा स्थिरांक म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर तो गिरणीचा दर.

जिथे भागाकार असा कायम राहतो, तिथे समचलन असतं. एक दुप्पट झालं की दुसरं दुप्पट होतं, एक निम्मं झालं की दुसरं निम्मं होतं. आणि एक शून्य झालं की दुसरंही शून्य होतं. दळण नेलंच नाही, तर पैसेही लागणार नाहीत. ही शून्याची खूण लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

पुस्तकात या हिशेबाला आकड्यांऐवजी अक्षरं वापरतात आणि तिथेच पुष्कळजणी घाबरतात. घाबरायचं कारण नाही. अक्षर म्हणजे रिकामी टोपली. किलोच्या टोपलीला 'क' म्हणा आणि रुपयांच्या टोपलीला 'र' म्हणा. मग गिरणीचा सगळा हिशेब एका ओळीत मावतो: र = ६ × क. 'क'च्या टोपलीत कोणताही आकडा टाका, 'र'च्या टोपलीत उत्तर येतं. सात किलो टाकले तर बेचाळीस रुपये. याचंच नाव बीजगणित. एका ओळीत हजार दळणांचे हिशेब बसतात, एवढाच त्याचा उपयोग, आणि तो काही लहान नाही.

समचलन चुकलं तर काय होतं, याचं एक उदाहरण बघू. लेकराला जुलाब लागले की आपण घरी मीठ-साखरेचं पाणी करतो. त्याचं माप असं: १ लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आता पाणी अर्धा लिटरच घेतलं, तर साखर ३ चमचे आणि मीठ पाव चमचा. तिन्ही गोष्टी एकत्र निम्म्या व्हायला हव्यात. पाणी निम्मं केलं आणि मीठ तेवढंच ठेवलं, तर पाणी दुप्पट खारट होतं आणि आजारी लेकराला त्याचा अपाय होतो. म्हणून पेल्याच्या अंदाजानं मीठ टाकू नका. पाव चमचा मीठ नीट मोजणं अवघड वाटत असेल, तर एक लिटरच करा आणि त्यातून थोडं थोडं पाजा. दवाखान्यातून मिळालेलं पाकीट असेल, तर त्यावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच पूर्ण पाकीट कालवा.

शेतातलंही एक बघू. एका एकराला जीवामृत करायचं, तर साधारणपणे २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ आणि २ किलो बेसन घेतात. तुमची भाजी फक्त १० गुंठ्यांत आहे. एकराचे गुंठे ४०, म्हणजे दहा गुंठे हा पाव एकर. मग सगळं पाव करा: पाणी ५० लिटर, शेण अडीच किलो, गोमूत्र अडीच लिटर, गूळ अर्धा किलो, बेसन अर्धा किलो. एकही वस्तू विसरायची नाही, की रीत बिघडली.

गुणाकार कायम राहिला की व्यस्तचलन

आता खुरपणीकडे येऊ. डाव्या बाजूला बायका, उजव्या बाजूला दिवस.

४ बायका – ६ दिवस
६ बायका – ४ दिवस
८ बायका – ३ दिवस
१२ बायका – २ दिवस
२४ बायका – १ दिवस

इथे भागून बघा, काहीच कायम राहत नाही. पण गुणून बघा. चार सक चोवीस, सहा चोक चोवीस, आठ त्रिक चोवीस, बारा दुणे चोवीस. प्रत्येक ओळीत चोवीसच. हा चोवीस म्हणजे काय? तर ते रान. त्या रानात चोवीस रोजांचं काम आहे. रोजगार हमीच्या कागदावर अशाच मोजणीला मनुष्यदिवस म्हणतात. तुम्ही किती जणी जाता त्यानं रान लहान-मोठं होत नाही. ते तेवढंच राहतं, फक्त वाटणी बदलते.

जिथे गुणाकार असा कायम राहतो, तिथे व्यस्तचलन असतं. एक दुप्पट झालं की दुसरं निम्मं होतं, एक तिप्पट झालं की दुसरं तिसरा हिस्सा होतं. अक्षरांत लिहायचं तर बायकांना 'ब' आणि दिवसांना 'द' म्हणू: ब × द = २४. पाच जणी गेल्या तर? चोवीसला पाचनं भागा. चार दिवस पूर्ण आणि पाचव्या दिवशी थोडं काम उरतं. शेतकऱ्याशी बोलताना हे आधीच ठाऊक असलं, की पाचव्या दिवसाची कुरकुर होत नाही.

आपल्या आज्या-पणज्यांना हे पक्कं माहीत होतं. चार शेरांची एक पायली. धान्याची रास पायलीनं मोजली आणि २४ पायल्या भरली, तर तीच रास शेरानं मोजल्यावर ९६ शेर भरते. माप चौथाई झालं म्हणून मोजणी चौपट झाली. रास मात्र तेवढीच राहिली. अशा हिशेबाला जुनं नाव आहे व्यस्त त्रैराशिक. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ लिहिला, त्यात साधं त्रैराशिकही आहे आणि व्यस्त त्रैराशिकही. धान्याची रास वेगवेगळ्या मापांनी मोजण्याचा हिशेब त्यातही आलेला आहे. हे आपल्याच मुलखाशी जोडलेलं नाव. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथल्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे. आणि मैत्रिणींनो, त्या ग्रंथातली कितीतरी गणितं एका मुलीला उद्देशून विचारलेली आहेत. गणित बाईमाणसाचं नाही असं कोणी म्हणालं, तर त्यांना हे जरूर सांगा.

एक सावधगिरी मात्र बाळगायची. चोवीसचा आकडा कायम राहायला प्रत्येकीचा हात सारखा चालायला हवा आणि सगळ्यांना कामाला जागा हवी. चूल एक आणि तवा एक असेल, तर भाकरी करायला दहा जणी बसल्या म्हणून स्वयंपाक दहापट लवकर होत नाही. तवा भाजेल तेवढ्याच भाकऱ्या. गटानं शंभर जणांच्या जेवणाची ऑर्डर घेतली, तर आधी शेगड्या मोजा, मग बायका.

टेम्पो कसा ठरवायचा?

आता दोन्ही प्रकार एकाच ठिकाणी बघू. समजा, गटाला टोमॅटोचे क्रेट बाजार समितीत पाठवायचे आहेत. एक टेम्पोवाला म्हणतो, "क्रेटमागे १५ रुपये द्या." दुसरा म्हणतो, "पूर्ण टेम्पोचे १५०० रुपये, त्यात मावतील तेवढे क्रेट घाला." कोणाचा टेम्पो घ्यायचा?

पहिल्याकडे एकूण भाडं आणि क्रेट यांचं समचलन आहे. क्रेट दुप्पट, भाडं दुप्पट. एका क्रेटला १५ रुपये कायम. दुसऱ्याकडे एकूण भाडं कायम आहे, म्हणून एका क्रेटवर पडणारा खर्च आणि क्रेटची संख्या यांचं व्यस्तचलन आहे. मांडून बघा.

६० क्रेट असतील, तर पहिला ९०० रुपये घेतो. दुसऱ्याचे १५०० रुपये द्यावे लागतात, म्हणजे एका क्रेटला २५ रुपये पडतात. इथे पहिला परवडतो.

१०० क्रेट असतील, तर दोघांचेही १५०० रुपये. फरक नाही.

१५० क्रेट असतील आणि ते टेम्पोत मावत असतील, तर पहिला २२५० रुपये घेतो, दुसरा १५०० रुपयेच. एका क्रेटला १० रुपये पडले. इथे दुसरा परवडतो.

म्हणजे कोणता टेम्पो स्वस्त, याचं उत्तर टेम्पोवाल्याकडे नाही, आपल्या क्रेटच्या संख्येत आहे. शंभरच्या आत असाल तर क्रेटमागे ठरवा. शंभराच्या वर असाल तर पूर्ण टेम्पो करा. चौघीजणी मिळून माल एकत्र केला की क्रेट वाढतात आणि प्रत्येकीचा खर्च उतरतो. गटानं एकत्र माल पाठवण्यात जो फायदा आहे, त्याच्या मुळाशी हेच व्यस्तचलन आहे.

दोन्हीपैकी काहीच नसेल तर?

इथपर्यंत आलात, तर आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ऐका. "एक वाढलं की दुसरं वाढतं, म्हणजे समचलन" आणि "एक वाढलं की दुसरं घटतं, म्हणजे व्यस्तचलन" असं पुष्कळजण सांगतात. ते अपुरं आहे. वाढतं-घटतं एवढ्यानं भागत नाही. भागाकार कायम आहे का, नाहीतर गुणाकार कायम आहे का, हे तपासल्याशिवाय नाव द्यायचं नाही. कारण कितीतरी गोष्टी या दोन्हींत बसत नाहीत.

विजेचं बिल घ्या. युनिट वाढले की बिल वाढतं, हे खरं. पण बिलावर 'स्थिर आकार' अशी एक ओळ असते. एक युनिटही जाळलं नाही, तरी ती रक्कम लागतेच. शिवाय युनिटचा दर टप्प्याटप्प्यानं बदलतो. मघाची शून्याची खूण आठवा. वापर शून्य असूनही बिल शून्य होत नाही, म्हणजे हे समचलन नव्हे. म्हणून युनिट दुप्पट झाले की बिल बरोबर दुप्पट येईल, असं धरून पैसे बाजूला ठेवू नका.

फवारणीचंही तसंच. दर लिटर पाण्याला किती औषध घ्यायचं, ते डब्यावर लिहिलेलं असतं. पाणी वाढवलं तर त्याच प्रमाणात औषध वाढवायचं, हे समचलन. पण तेवढ्याच पाण्यात औषध दुप्पट घातलं, तर कीड दुप्पट मरत नाही. पानं करपू शकतात आणि फवारणाऱ्याच्या, नंतर भाजी तोडणारीच्या अंगाला बाधा होऊ शकते.

आता कर्जाकडे या, कारण खरी फसगत इथे होते. समजा, कोणी दारात येऊन सांगतं, "ताई, १२,००० रुपये घ्या. दरमहा शेकडा दोन रुपये व्याज. १२ महिन्यांत फेडाल तर हप्ता १२४० रुपये. जड वाटत असेल तर २४ महिने घ्या, हप्ता फक्त ७४० रुपये." ऐकायला गोड वाटतं. मुदत वाढली, हप्ता घटला. पण थांबा आणि गुणून बघा.

१२४० × १२ = १४,८८० रुपये
७४० × २४ = १७,७६० रुपये

गुणाकार कायम राहिला नाही, म्हणजे हे व्यस्तचलन नव्हे. खरं व्यस्तचलन असतं, तर मुदत दुप्पट झाल्यावर हप्ता निम्मा, म्हणजे ६२० रुपये व्हायला हवा होता. तो ७४० आहे. दर महिन्याला वरचे १२० रुपये, असे २४ महिने, म्हणजे २८८० रुपये आपण जास्त भरणार.

हे जास्तीचे पैसे कुठून आले? कर्जाच्या पोटात दोन हिशेब असतात. मुद्दल १२,००० कायम असतं. ते बारा महिन्यांत वाटलं तर महिन्याला हजार, चोवीस महिन्यांत वाटलं तर पाचशे. हा भाग व्यस्तचलनाचा आहे. पण व्याज महिन्यांच्या समचलनात आहे: महिन्याला २४० रुपये, म्हणजे बारा महिन्यांचे २८८० आणि चोवीस महिन्यांचे ५७६०. दोन्ही एकत्र झाले की हप्ता ना समचलनात राहतो, ना व्यस्तचलनात. आणि आपल्याला दिसतो तो फक्त हप्ता.

शिवाय इथे व्याज पहिल्यापासून शेवटपर्यंत मूळ बारा हजारांवर धरलं आहे. याला फ्लॅट व्याज म्हणतात. तोच शेकडा दोनचा दर, पण व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर धरलं, तर पहिल्या महिन्यात २४० रुपये, दुसऱ्या महिन्यात २२०, मग २००, असं उतरत जाऊन शेवटच्या महिन्यात २० रुपये. बारा महिन्यांचं एकूण व्याज १५६० रुपये होतं. फ्लॅटमध्ये तेच २८८० होतं. तोंडी दर एकच सांगितलेला, पण खिशातून जाणारे पैसे जवळजवळ दुप्पट. अशा उरलेल्या मुद्दलावरच्या कर्जातही मुदत चोवीस महिने केली, तर व्याज ३००० रुपयांपर्यंत जातं. म्हणून लांब मुदत घेऊच नका असं आम्ही म्हणत नाही. घरात आजारपण असेल, हाताला काम नसेल, तर लहान हप्ता आधार देतो. पण त्या आधाराची किंमत किती, ते सही करण्याआधी आपल्याला कळलं पाहिजे.

तीन प्रश्न

तर मैत्रिणींनो, कोणताही हिशेब समोर आला की स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: इथे काय बदलतंय? कोणत्या दोन गोष्टी एकमेकींबरोबर हलतायत, त्यांची नावं लिहा.

दुसरा प्रश्न: काय कायम आहे? दोन-तीन ओळी मांडा. भागून बघा, गुणून बघा. भागाकार कायम असेल तर समचलन, गुणाकार कायम असेल तर व्यस्तचलन. दोन्ही कायम नसतील तर साधं त्रैराशिक लावू नका, हिशेबाचे तुकडे करून एकेक तुकडा मोजा.

तिसरा प्रश्न: उत्तर शहाणपणाला पटतंय का? बारा बायकांना आठ बायकांपेक्षा जास्त दिवस लागतात असं आलं, तर पाटी पुसा आणि पुन्हा मांडा.

गटाच्या पुढच्या बैठकीसाठी थोडा अभ्यास देतो. एक, गटानं पापडाची ऑर्डर घेतली आहे. ६ जणींना ती पुरी करायला १० दिवस लागतात. गिऱ्हाइकाला माल ४ दिवसांत हवा असेल, तर किती जणी लागतील? दोन, ४ किलो उडीद डाळीला ४८० रुपये पडले, तर ७ किलोला किती? पहिल्याचं उत्तर १५ आणि दुसऱ्याचं ८४० आलं, तर आजचं बोलणं पोचलं असं समजा. तिसरा अभ्यास आकड्यांचा नाही. आपल्या गटातल्या कोणाकडे बाहेरचं कर्ज असेल, तर तिच्या कार्डावरचा हप्ता आणि महिने यांचा सगळ्यांनी मिळून गुणाकार करा. जे येईल ते मुद्दलाशेजारी लिहा. दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे त्या कर्जाची किंमत. ते अंतर एकदा सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं, की पुढच्या वेळी दारात कोणी हप्ता सांगायला आला, तर तुम्ही आपसूक विचाराल, "हप्त्याचं राहू द्या भाऊ, एकूण किती भरायचे ते सांगा."

घरात आठवीतली लेक किंवा नात असेल, तर तिच्यासोबत चलनाचा धडा उघडा. तिला पुस्तकातली अक्षरं माहीत आहेत, तुम्हाला रान, राशी आणि दळण माहीत आहे. दोघी मिळून बसलात, तर दोघींचंही गणित पक्कं होईल.